शिक्षकाचा मोकळा तास त्याला परत मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माध्यमिक शिक्षकांवरील ताण हा विषय आता नवा राहिलेला नाही. आमच्या शाळेतही गेल्या दोन वर्षांत ताणमुक्तीवर दोन व्याख्याने झाली. व्याख्याते तळमळीने बोलले, श्वसनाचे काही सोपे प्रकार शिकवून गेले, आणि ते उपयोगी आहेत हे मी अनुभवाने सांगू शकते. तरीही दोन्ही वेळा लोकलने घरी परतताना मनात एकच विचार आला, की आम्हाला ताण नेमका कशाचा येतो हे कोणी विचारलेच नाही. मुंबईतील एका अनुदानित मराठी शाळेत मी सव्वीस वर्षे आठवी ते दहावीला गणित शिकवते आहे. पंचावन्न मुलांच्या वर्गासमोर दिवसभर उभे राहणे कष्टाचे असते. त्या कष्टाने संध्याकाळी अंग थकते, पण मन खचत नाही. मन ज्याने खचते ते वेगळे आहे, आणि त्याचा मुलांच्या शिकण्याशी सरळ संबंध असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

शिक्षकाच्या वेळापत्रकात शिकवण्याच्या तासिकांबरोबर काही मोकळ्या तासिकाही असतात. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना ‘ऑफ तास’ म्हणतो, आणि या नावामुळेच बाहेर मोठा गैरसमज होत असावा. त्या वेळात वह्या तपासायच्या असतात, टाचण (पाठाची लेखी तयारी) काढायचे असते, चाचणीची प्रश्नपत्रिका तयार करायची असते, भेटायला आलेल्या पालकांशी बोलायचे असते आणि मागे पडलेल्या एखाद्या मुलाला बोलावून त्याचे कुठे अडते ते पाहायचे असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्या ४५ तासांत तयारीचे तासही धरले आहेत. हा कायदा आठवीपर्यंतच लागू असला, तरी नववी-दहावीच्या शिक्षकाला तयारी कमी लागते असे कोणी म्हणणार नाही. तयारी हा शिकवण्याचाच भाग आहे, हे संसदेने मान्य केले आहे. शाळेच्या रोजच्या व्यवहारात मात्र तो भाग सर्वांत आधी कापला जातो.

माझ्या वेळापत्रकात आठवड्याला बाराच्या आसपास मोकळ्या तासिका छापलेल्या आहेत. त्यांतल्या दोन-तीन जरी खरोखर हाती आल्या, तरी तो आठवडा चांगला गेला असे मी समजते.

हे नुकसान किती आहे ते एका साध्या हिशेबावरून कळेल. माझ्याकडे चार वर्ग आहेत, म्हणजे सुमारे २२० वह्या. एका वहीला केवळ तीन मिनिटे दिली तरी ६६० मिनिटे होतात, म्हणजे ११ तास. या ११ तासांत मी फक्त बरोबर-चूक अशा खुणा करत नाही. वर्गसमीकरणे शिकवताना ऋण पाचचा वर्ग मुले ऋण पंचवीस लिहितात. एकाने लिहिले तर ती त्याची चूक असते, पण एका वर्गातल्या पंधरा मुलांनी लिहिले तर मी शिकवण्यात काहीतरी सोडले असते, आणि ते मला वह्यांमधूनच समजते, फळ्यासमोर उभे राहून समजत नाही. वह्या नुसत्या सह्या करून परत दिल्या की ती चूक तशीच सहामाहीपर्यंत, आणि पुढे बोर्डाच्या पेपरापर्यंत जाते.

दुसरे उदाहरण दहावीच्या ‘अर्थनियोजन’ या प्रकरणाचे. त्यात वस्तू व सेवा कर आहे, शेअर्स आहेत. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी छोटे दुकान, पोळीभाजी केंद्र किंवा फेरीचा धंदा असतो. पूर्वी मी मुलांना आदल्या दिवशी घरून खरी बिले आणायला सांगत असे. मधल्या मोकळ्या तासाला ती बिले लावून घेत असे, कोणत्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा दाखवला आहे, कोणावर कराचा क्रमांकच नाही, हे पाहून ठेवत असे, आणि मग तासाला त्या बिलांवरच उदाहरणे घेत असे. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले त्या तासाला हमखास बोलत, कारण विषय त्यांच्या घरचा असे. गेल्या वर्षी मुलांनी आणलेली बिले माझ्या टेबलाच्या खणात चार दिवस पडून राहिली, कारण त्या चारही दिवशी माझे मोकळे तास गेले. पाचव्या दिवशी मी फळ्यावर सूत्र लिहिले, पुस्तकातली दोन उदाहरणे सोडवली आणि बाकीची गृहपाठाला दिली. अभ्यासक्रम वेळेत संपला, तपासणीत कोणालाही त्यात उणीव दिसली नसती. ताणामुळे शिक्षकाची कामगिरी खालावते असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती अशीच खालावलेली असते. शिक्षक तासाला जातो आणि बोलतोही, पण त्याचे शिकवणे हळूहळू नुसते सांगणे होऊन जाते.

हे तास जातात कुठे, हे सांगणे आवश्यक आहे. काही तास गैरहजर सहकाऱ्याच्या किंवा रिक्त पदाच्या वर्गावर ‘बदली तास’ म्हणून जातात. वर्ग मोकळा सोडता येत नाही, त्यामुळे मुख्याध्यापकांचा याला नाइलाज असतो. पण पदे वेळेवर भरली जात नाहीत, एखादा सहकारी मतदारयादीच्या कामावर असतो, दुसरा प्रशिक्षणाला असतो, आणि अशा दिवशी एकाच शिक्षकावर सलग सहा-सात तासिका येतात. लिपिक आणि शिपाई यांची कमतरता हे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीचे पद रिक्त झाले की ते पद संपते आणि त्याजागी भत्ता मिळतो. पद गेले तरी काम उरतेच, आणि ते कोणाकडे येते हे सांगायला नको.

सर्वांत जास्त वेळ मात्र माहिती भरण्यात जातो. यू-डायस प्लस हे केंद्राचे शाळांच्या माहितीचे पोर्टल, विद्यार्थी पोर्टल, अपार म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज, ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’सारख्या अभियानांची छायाचित्रे, आणि शिवाय वरून व्हॉट्सॲपच्या गटावर ‘आजच, तातडीने’ म्हणून येणारे तक्ते. त्याच मुलाची तीच जन्मतारीख वर्षातून किती ठिकाणी लिहावी लागते याची मोजदाद मी आता सोडली आहे. मुलाचे नाव आधार कार्डावर एक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसरे असले की माहिती जुळत नाही. मग पालकांना बोलवायचे. पालक घरकाम करणारी बाई असेल किंवा नाक्यावर उभा राहणारा मजूर असेल, तर त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून तो येत नाही. वर्गशिक्षक त्याला पुन्हा फोन करतो, पुन्हा निरोप धाडतो.

यामागची भीती समजून घेतल्याशिवाय हा ताण समजणार नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे याचा निर्णय, आता आधार वैध ठरलेल्या विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असतो. मुंबईतील मराठी शाळांची पटसंख्या आधीच आटत चालली आहे. गिरगाव, दादर, लालबाग, परळ इथली कुटुंबे विरार, बदलापूर, पनवेलकडे गेली, आणि राहिलेल्यांतली बरीच मुले इंग्रजी माध्यमात गेली. अशा वेळी चार-पाच मुलांच्या नावातली काना-मात्रा जुळली नाही, तर शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी अतिरिक्त (मंजूर पदांपेक्षा जास्त) ठरू शकतो आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या नेमणुकीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. ही जाणीव मनात ठेवून गणिताचा शिक्षक मधल्या सुट्टीत संगणकासमोर बसतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाविरुद्ध राज्यभर जो असंतोष उसळला, त्याच्या मुळाशी ही असुरक्षितता आहे.

निवडणूक आणि जनगणना ही राष्ट्रीय कामे आहेत आणि ती टाळावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच शिक्षणबाह्य कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करता येते. सर्वोच्च न्यायालयानेही ६ डिसेंबर २००७ च्या निकालात निवडणुकीची कामे सामान्यतः सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापन नसलेल्या वेळी द्यावीत असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिकवण्याशी थेट संबंध नसलेली कामे शिक्षकांना देऊ नयेत असे नमूद आहे, आणि २०२४ मध्ये आपल्या शासनानेही शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारी जाहीर केली. म्हणजे नियमांची उणीव नाही. प्रत्यक्षात २०२४ या एका वर्षात जानेवारीच्या अखेरीस मागासवर्ग आयोगाचे सर्वेक्षण, २० मे रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. त्यांपैकी सर्वेक्षणाच्या वेळी दहावीची परीक्षा जेमतेम महिन्यावर होती. यंदा, २०२६ मध्ये, १५ जानेवारीला महापालिकेचे मतदान झाले आणि २० फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. मतदानाचा दिवस एकच असतो. प्रशिक्षणाचे दिवस, साहित्य घेण्याचा दिवस आणि त्यानंतरचा थकवा हे कोणी मोजत नाही. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांना परत देऊन चुका समजावण्याचे दिवस नेमके तेच असतात. आता २०२७ च्या जनगणनेचे काम आहे, आणि ते आम्ही निष्ठेने करू. मात्र त्याचे दिवस ठरवताना दहावीच्या मुलांचा विचार व्हावा, इतकीच अपेक्षा आहे.

कामाच्या ताणाविषयी रॉबर्ट कारासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्ये एक मांडणी केली होती. कामाचा बोजा किती, यासोबत त्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा किती हेही पाहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. बोजा जास्त आणि ताबाही जास्त असेल तर माणूस शिकतो, वाढतो. बोजा जास्त आणि ताबा कमी असेल तर तो आजारी पडण्याची शक्यता वाढते. ही मांडणी वाचली तेव्हा मला आमची स्टाफरूम समोर दिसली. कोणता धडा कधी घ्यायचा, कोणत्या मुलाला जास्त वेळ द्यायचा, आज काय आधी करायचे, हे ठरवण्याची मुभा शिक्षकाकडे असते तेव्हा तो पन्नास काय, साठ मुलांचा वर्गही आनंदाने सांभाळतो. सकाळी ठरवलेला दिवस दहा वाजता आलेल्या एका संदेशाने मोडतो, आणि असे रोज होते, तेव्हा ठरवण्याची सवयच सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या स्वीकारली, तीत तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवट होणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम आहे, असेही तीत म्हटले आहे. त्यामुळे त्यावर उपाय करायचा तर कामाच्या ठिकाणीच करावा लागेल.

दुसरी खूण मी स्वतःमध्ये पाहिली आहे, म्हणून ती सांगते. नववीचा एक मुलगा होता, शांत आणि थोडा अडखळत बोलणारा. भूमितीच्या तासानंतर तो वही घेऊन माझ्यामागे जिन्यापर्यंत आला आणि समांतर रेषांच्या एका उदाहरणाविषयी विचारू लागला. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत अपारची माहिती पूर्ण करून द्यायची होती. मी त्याच्याकडे न पाहता ‘उद्या विचार’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले नाही, आणि वर्ष संपेपर्यंत पुन्हा कधीच विचारले नाही. मी त्याला दोन-तीनदा बोलावले, पण त्याने ‘समजलं, बाई’ एवढेच सांगितले. वार्षिक परीक्षेत तेच उदाहरण होते आणि त्याने ते कोरे सोडले होते. हे कुठल्याही अहवालात नोंदले जात नाही.

शरीरावरही परिणाम होतो. पायांच्या फुगलेल्या शिरा, बसलेला आवाज, वेळी-अवेळी जेवण्याने वाढलेले पित्त, रक्तदाब या तक्रारी आमच्या स्टाफरूममध्ये नित्याच्या आहेत. एका सहकारी बाईंना डॉक्टरांनी काही आठवडे आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली. त्यांनी चार दिवस रजा घेतली आणि पाचव्या दिवशी त्या आल्या, कारण त्यांच्या प्रत्येक तासाला दुसऱ्या कोणाचा तरी मोकळा तास जात होता आणि ते त्यांना सहन होईना.

तरुण सहकाऱ्यांची स्थिती अधिक बिकट आहे. शिक्षण सेवकाचे, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाचे, मानधन २०२३ मध्ये वाढले आणि माध्यमिकसाठी ८,००० वरून १८,००० रुपये झाले, हे स्वागतार्ह आहे. पण तीन वर्षे १८,००० रुपयांत मुंबईत राहता येत नाही, म्हणून ते टिटवाळा किंवा नालासोपाऱ्याहून येतात, सकाळच्या सत्रासाठी पहाटेची गाडी पकडतात, आणि संध्याकाळी शिकवण्या घेतात. सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांवर १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, नवी टांगती तलवार आली आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. शिक्षकाने अद्ययावत असावे हे मला मान्य आहे. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला अभ्यासासाठी वेळ कुठून मिळणार, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

काही वाचक म्हणतील, की शिक्षकांना मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी असते, नोकरीची शाश्वती असते, खाजगी कंपन्यांतल्या लोकांनी मग काय म्हणावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सुट्टी आहे आणि अनुदानित शाळेत कायम झालेल्या शिक्षकाचे वेतन चांगले आहे. त्या सुट्टीतला काही भाग बोर्डाचे पेपर, निकाल, प्रशिक्षण आणि प्रवेशाच्या कामात जातो, तरी उरते ती सुट्टीच असते. आमच्यातही कामचुकार माणसे आहेत, आणि त्यांच्यामुळे पालकांचा राग ओढवतो हेही खरे. पण मे महिन्याच्या सुट्टीने ऑगस्टमधल्या बुधवारचा तास भरून निघत नाही. वही त्या आठवड्यात तपासली गेली तरच उपयोगाची असते.

कामगिरी मोजण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे लिहिते. शिक्षकाची कामगिरी म्हणजे दहावीचा निकाल, असे समीकरण शाळाशाळांत पक्के झाले आहे. आठवीपर्यंत वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेलेली मुले नववीत येतात तेव्हा त्यांतल्या काहींना भागाकार येत नाही, काहींना उदाहरणाचे वाक्य सलग वाचता येत नाही. नववीचा शिक्षक दोन वर्षांत त्यांना पाचवीपासून दहावीपर्यंत आणतो. एखादी मुलगी ३५ गुणांनी उत्तीर्ण होते त्यामागे कधी कधी ९५ गुणांच्या मुलापेक्षा जास्त शिकवणे असते. हे काम एकेका मुलाला जवळ बसवूनच होते, आणि त्यासाठीची जागा वेळापत्रकात एकच आहे, मोकळा तास.

म्हणून मुंबईच्या उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशा तिन्ही शिक्षण निरीक्षक कार्यालयांना, शिक्षण उपसंचालकांना आणि संस्थाचालकांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती अशी आहे. प्रत्येक शिक्षकाच्या आठवड्यातील किमान सहा मोकळ्या तासिका ‘तयारीच्या तासिका’ म्हणून वेळापत्रकात वेगळ्या दाखवाव्यात, आणि आणीबाणीखेरीज त्या घेऊ नयेत. घेतल्याच तर मुख्याध्यापकांनी त्याची कारणासह नोंद ठेवावी आणि ती नोंद तपासणीच्या वेळी पाहिली जावी. टाचणवहीसाठी शिक्षकाला जाब विचारला जातो, तसा टाचणासाठी वेळ का दिला नाही याचा जाबही कोणाला तरी विचारता आला पाहिजे. पटाची माहिती वर्षातून एकदा एका ठिकाणी घ्यावी आणि इतर विभागांनी ती तिथून उचलावी. माहिती मागवताना किमान तीन कामाच्या दिवसांची मुदत असावी आणि शाळेच्या वेळेत व्हॉट्सॲपवरून तातडीचे तक्ते मागवू नयेत. दोन-तीन लहान शाळांना मिळून का होईना, संगणकाचे काम जाणणारा एक लिपिक द्यावा. दहावीला शिकवणाऱ्या विषयशिक्षकांना जानेवारी ते मार्च या काळात सर्वेक्षणांतून वगळावे. समुपदेशनाची सोय होईल तेव्हा होवो. तोवर केंद्र शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक स्टाफरूमच्या फलकावरही लावावा, कारण सध्या तो लावलाच तर केवळ विद्यार्थ्यांसाठी लावला जातो.

यांतल्या काही गोष्टींना पैसे लागतील आणि वेळ लागेल, हे मला कळते. तयारीच्या तासिकांना मात्र काहीच खर्च नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे. नव्या वर्षाचे वेळापत्रक शाळेत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फलकावर लागते. त्याआधी ते परिपत्रक निघाले, तर यंदा दहावीच्या मुलांनी आणलेली बिले मला खणात ठेवावी लागणार नाहीत.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, मुंबई
(सेवेत असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)